दावोस, मॅग्नेटिक महाराष्ट्र… जाहीर झालेले रोजगार नंतर मोजतं कोण?

औशाचा_पाहुणा

नमस्कार मंडळी, एरवी मी इथं नुसता वाचून जातो पण हे डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

गावाकडं गेलो होतो, लातूर जिल्हा. घराला रंग द्यायचा म्हणून जुनं लोखंडी कपाट सरकवलं तर दाराला आतून बाबांनी चिकटवलेलं पेपरचं कात्रण दिसलं, फेब्रुवारी २०१८ चं. मॅग्नेटिक महाराष्ट्र, मुंबईत बीकेसीला झालेली सरकारची गुंतवणूक परिषद ती. ४,१०६ सामंजस्य करार, १२ लाख १० हजार कोटींची गुंतवणूक आणि रोजगार ३६ लाख ७७ हजार. त्या रोजगाराच्या आकड्याला बाबांनी लाल पेनानं गोल केलेला आणि बाजूला माझ्या चुलतभावाचं नाव लिहिलेलं. तेव्हा तो शाळेत होता. बाबांचा हिशेब साधा, एवढ्या लाखात आपलं एक पोरगं बसायला काय हरकत आहे.

त्याच सुमाराला आमच्याकडं रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्याचं भूमिपूजन झालं, ३१ मार्च २०१८. लातूरला कोच फॅक्टरी म्हटल्यावर बाहेरच्यांना आधी नीटचे क्लासच आठवतात, तो विनोद आम्ही तेव्हाच करून संपवलाय. २५ डिसेंबर २०२० ला पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला, फोटो आले, पेढे वाटले, आणि मग बराच काळ सामसूम. पुढं २०२३ ला वंदे भारतच्या स्लीपर गाड्यांचं कंत्राट झालं तेव्हा परत हालचाल सुरू झाली. म्हणजे कारखाना खोटा नाही, शेड उभी आहे, पण पोरं तोवर थांबत नसतात ना, त्यांची वयं वाढतात. भाऊ आयटीआय फिटर करून चाकणला गेला, आता चौथा ब्रेक सुरू आहे त्याचा.

तर मी कात्रण घेऊन बसलो आणि आकडे शोधत गेलो. २०१३ चं राज्याचं औद्योगिक धोरण, ५ लाख कोटी गुंतवणूक आणि २० लाख रोजगार. २०१६ ला मुंबईत मेक इन इंडिया वीक (गिरगाव चौपाटीवर स्टेजला आग लागली होती तेच), त्यात महाराष्ट्राचे जवळपास ८ लाख कोटींचे करार आणि ३० लाख रोजगार. २०१८ चे हे ३६ लाख ७७ हजार. २०१९ चं नवं औद्योगिक धोरण, १० लाख कोटी आणि ४० लाख रोजगार, मुदत २०२३-२४. म्हणजे २०१३ च्या दोन्ही आकड्यांना सरळ दोननं गुणलेलं, आणि उत्पादन क्षेत्र १२-१३ टक्क्यांनी वाढवणार हे तर दोन्हीकडं जसंच्या तसं. २०२३ चं आयटी धोरण, ३५ लाख. जानेवारी २०२५ दावोस (स्वित्झर्लंडमधली जागतिक आर्थिक परिषद), पंधरा लाख कोटींच्या वर करार आणि सोळा लाखांच्या आसपास रोजगार. मोबाईलवर बेरीज केली तर पावणेदोन कोटींच्या वर जातंय. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख, म्हणजे लेकरंबाळं म्हातारेकोतारे धरून दर सहा-सात माणसांमागं एक नवी नोकरी.

माझा प्रश्न राजकीय नाही, सगळ्यांचीच सरकारं यात येतात. प्रश्न एवढाच की २०१९ च्या धोरणाची मुदत संपली त्या दिवशी मंत्रालयात कुणीतरी फाईल उघडून ‘४० लाख म्हणालो होतो, इतके झाले’ असं लिहिलं असेल का? लिहायची कुणाची जबाबदारी असते? आणि माझ्यासारख्यानं विचारायचं म्हटलं तर कुणाला विचारायचं?

खुर्ची_सोडलेला

पाहुणे, बेरीज तेवढी मागे घ्या. आकडे बरोबर आहेत पण ते एकमेकांत मिसळलेले आहेत, धोरणातले ४० लाख हे करारातले धरूनच असतात, त्यामुळे तुमच्या बेरजेत एकच माणूस तीनदा आलाय. (तो मुळात जन्माला आला असेल तर.)

मी तीस वर्षं जिल्हा उद्योग केंद्रात काढली, कुठला जिल्हा ते विचारू नका, पेन्शन चालू आहे. करारातला रोजगाराचा आकडा कुठून येतो तेवढं सांगतो. एका मोठ्या कार्यक्रमाच्या आधी वरून फोन आला की आपल्या जिल्ह्यातून अमुक इतके करार झाले पाहिजेत. आठ दिवस हातात. बाहेरून कोण येणार होतं आमच्याकडे? मग जे होते त्यांनाच फोन केले. एक डाळमिलवाले शेठ होते, त्यांना दुसरं शेड टाकायचंच होतं, त्यांना म्हटलं तेच लिहून द्या. ते कार्यालयात आले, फॉर्म पुढे ठेवला, ‘प्रस्तावित रोजगार’च्या रकान्यावर पेन थांबलं. म्हणाले, साहेब किती लिहू? मिलमध्ये तेव्हा हमाल धरून अकरा माणसं होती. आमच्या क्लार्कने मान वर न करता सांगितलं, लिहा पन्नास. लिहिले. ते पन्नास त्या वर्षी राज्याच्या एकूण आकड्यात गेले. त्यात कुणी खोटं बोललं असं मला आजही म्हणवत नाही, रकाना रिकामा ठेवता येत नव्हता इतकंच.

आता सामंजस्य करार म्हणजे काय ते लक्षात घ्या. हा साखरपुडासुद्धा नाही. पाहण्याचा कार्यक्रम झाला, पोहे खाल्ले, ‘कळवतो’ म्हणाले, एवढंच. कायद्याने कुणीच बांधलेलं नसतं, ना कंपनी ना सरकार. खरी गोष्ट सुरू होते एमआयडीसीत भूखंड घेऊन पैसे भरल्यावर, मग नकाशे मंजूर, बांधकाम, वीज जोडणी, उत्पादन सुरू झाल्याची तारीख, आणि मग सामूहिक प्रोत्साहन योजनेखाली पात्रता प्रमाणपत्र, त्यावर जीएसटीतला राज्याचा वाटा परत मिळणं, वीज शुल्काची माफी वगैरे. इथे तिजोरीतून पैसा जातो. हिशेब मागायचा तर इथे मागा, स्टेजवरच्या सह्यांचा मागून काही हाती लागत नाही.

आणि इथेच एक गंमत आहे जी पेपरात येत नाही. विशाल प्रकल्प म्हणून जास्तीच्या सवलती मिळवायला २०१३ च्या योजनेत मागास तालुक्यांसाठी अट होती २५० कोटींची गुंतवणूक किंवा ५०० जणांना रोजगार. ‘आणि’ नाही, ‘किंवा’. आजकाल २५० कोटींची यंत्रं बसवली की ती चालवायला फार माणसं लागतच नाहीत. कंपनी पैशाच्या बाजूने पात्र होते, रोजगाराचा प्रश्नच येत नाही, आणि फाईल अगदी नियमात बसते. स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्यांची अट आहे, ती खरी आहे, पण ८० टक्के कशाचे? जेवढी माणसं ठेवली त्याचे. पन्नास ठेवली तर चाळीस स्थानिक दाखवा, काम झालं.

सगळं_वाईटच_का

धागा वाचून मजा आली पण जरा दुसरी बाजू पण येऊ द्या, नाहीतर इथे नेहमीप्रमाणे रडगाणं सुरू होईल.

एक, थेट परकीय गुंतवणुकीत (एफडीआय) महाराष्ट्र बहुतेक वर्षं देशात पहिला असतो, देशात येते त्यातली साधारण तीस टक्के आपल्याकडे. दोन, संभाजीनगरला ऑरिकमध्ये (तिथली नवी औद्योगिक नगरी) जाऊन या एकदा, कोरियाची ह्योसंग करार करून गेली नाही, कारखाना काढून धागा बनवतेय. टोयोटाने २०२४ ला २० हजार कोटींचा करार केलाय, एथरचा दुचाकींचा प्रकल्प येतोय. गडचिरोलीत कोनसरीला लोखंडाचा कारखाना उभा राहील असं दहा वर्षांपूर्वी म्हटलं असतं तर हसला असता तुम्ही. तीन, २०१८ च्या करारांचं काय झालं विचारताना मधे २०२० आलं होतं हे विसरू नका. लॉकडाऊनमध्ये चालू कारखाने बंद पडत होते, नवे कुठून निघणार.

आणि मुळात रोजगार देणं हे सरकारचं काम आहे का? रस्ता, वीज, पाणी, परवाने एवढं नीट द्यावं, बाकी उद्योगपती बघून घेतील. लक्ष्य मोठं ठेवलं तर निम्मं तरी होतं. तुम्ही छोटं ठेवाल, तेही होणार नाही.

औशाचा_पाहुणा

दादा, रोजगार देणं सरकारचं काम नाही हे मान्य. मग आकडा सरकारनं का सांगायचा? ‘आम्ही इतके किलोमीटर रस्ता केला, इतक्या मेगावॉटची लाईन टाकली’ एवढंच सांगा, आम्ही तेवढंच मोजू. स्टेजवर ३६ लाख ७७ हजार सांगायचं (हजारापर्यंत अचूक!) आणि नंतर विचारलं की ते आमचं काम नाही म्हणायचं, हे काही पटत नाही.

एफडीआयचं म्हणाल तर तो आकडा मुंबईत हेड ऑफिस असलेल्या कंपन्यांमुळंही फुगतो, शेअर घेतले तरी ती एफडीआयच. त्यातनं औशाला किती आलं हे कुठंच दिसत नाही. आमच्या तालुक्याच्या एमआयडीसीत एक प्लॉट आहे, कुंपण आहे, ‘नियोजित प्रकल्पाची जागा’ अशी पाटी आहे, पाटीचा रंग उडालाय, आणि आत यंदा तूर आहे. चांगली आली होती, खोटं कशाला बोलू.

हजेरी_मास्तर

मी चाकणला एका लेबर कॉन्ट्रॅक्टरकडे हजेरी आणि पीएफचं काम बघतो त्यामुळे ‘रोजगार’ नावाची चीज रोज हाताळतो, दोन गोष्टी सांगतो कोणाला राग येऊ नये.

पाहुण्यांचा भाऊ चौथ्या ब्रेकवर आहे म्हणाले. ब्रेक म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वर्षात २४० दिवस भरले की कायद्यात सलग नोकरी धरतात, मग काढायला त्रास होतो, म्हणून सहा-सात महिने झाले की पोराला सांगायचं आता ब्रेक. तो घरी जातो नाहीतर दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडून शेजारच्या गेटला लागतो. त्याच्या जागेवर दुसरा येतो. मशीन तेच, काम तेच, लॉकरसुद्धा तेच, फक्त आधीच्याचं स्टिकर खरवडायचं. आता कंपनीने वर्षाच्या शेवटी ‘आम्ही या वर्षी इतक्या तरुणांना काम दिलं’ असं लिहिलं तर त्या एका लॉकरमागे दोन-तीन नावं निघतात. सगळी खरी, आधार कार्डासकट. पाहुणे, तुमचा भाऊ या हिशेबात चार रोजगार आहे.

पीएफच्या आकड्यांचंही तसंच. दर महिन्याला बातमी येते ना की ईपीएफओत इतके लाख नवे सदस्य. हा डेटा २०१८ पासून यायला लागला, चांगली गोष्ट आहे, काहीच नव्हतं त्यापेक्षा बरं. पण वीस माणसं झाली की कायदा लागतो, म्हणजे एकोणीस माणसांचं वर्कशॉप विसावा माणूस घेतं तेव्हा वीसही नवीन दिसतात. एकोणीस आधीपासून कामावर होतेच की. आणि आमच्यासारख्यांकडून गेलेल्या पोरांचा पीएफ कॉन्ट्रॅक्टरच्या कोडवर भरला जातो, ऑफिस पिंपरीत. मग मराठवाड्यातल्या कुठल्या कारखान्यात किती माणसं आहेत हे त्या आकड्यावरून शोधायला गेलात तर ती सगळी पिंपरीत सापडतील.

त्यात २०२४ पासून मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण आलं. बारावीला सहा हजार, आयटीआय-डिप्लोमाला आठ, पदवीधराला दहा, महिन्याला, सरकारकडून. आधी सहा महिने होतं, नंतर अकरा केलं. वाईट आहे असं मी म्हणणार नाही, आमच्या गावातली एक मुलगी त्यातून कॉम्प्युटरवर बसायला शिकली. पण अकरा महिने झाल्यावर ती घरी आहे आणि तिची नोंद ‘संधी मिळालेली’ म्हणून कायमची झाली.

लक्ष्य मोठं ठेवा दादा, काही म्हणणं नाही, फक्त जागा मोजायच्या की माणसं मोजायची हे आधी ठरवा. आणि किती महिने टिकली तर मोजायची तेही.

मिलवॉकीचा_मधू

मी गेली अकरा वर्षं अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये आहे (मूळचा तळेगाव दाभाडे) आणि हा विषय माझ्या दोन्ही गावांना लागतो त्यामुळे गप्प बसवत नाहीये.

फॉक्सकॉन आठवतेय का, आयफोन जोडणारी तैवानची कंपनी? ऑगस्ट २०१५ मध्ये महाराष्ट्राशी करार, ५ अब्ज डॉलर आणि ५० हजार नोकऱ्या, जागा तळेगावच्या बाजूला. माझ्या मामांनी तेव्हा जमिनीचा भाव वाढेल म्हणून एक व्यवहार थांबवून धरला होता. जानेवारी २०२० मध्ये उद्योगमंत्री सुभाष देसाईंनी सांगितलं की तो प्रकल्प येत नाहीये. संपलं. साडेचार वर्षं. तिजोरीतून काही गेलं नव्हतं म्हणून कुणी विचारलंही नाही, मामांचं काय गेलं ते मामांना माहीत.

तिकडच्या करारानंतर दोनच वर्षांनी, २०१७ ला, तीच कंपनी इकडे आमच्या विस्कॉन्सिनला. १० अब्ज डॉलर, १३ हजार नोकऱ्या, बदल्यात जवळपास ३ अब्जांच्या सवलती. २०१८ ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प स्वतः फावडं घेऊन, जगातलं आठवं आश्चर्य म्हणाले. थोडक्यात इकडेही स्टेज, फोटो, सगळं आपल्यासारखंच. इकडची माणसं काही वेगळ्या मातीची नाहीत.

फरक कागदात होता. करारात दर वर्षाचा आकडा लिहिलेला, या वर्षी किमान इतकी माणसं कामावर असली तरच त्या वर्षीची सवलत. २०१८ साठी किमान २६० पाहिजे होती. कंपनीने स्वतः सांगितली १७८. त्या वर्षी छदामही मिळाला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा नाही. शेवटी एप्रिल २०२१ मध्ये करार नव्याने लिहिला, १३ हजारांचे १,४५४ झाले आणि सवलत ८ कोटी डॉलरवर आली. आणि हे सगळं इकडच्या पेपरात, आकड्यांसकट, कारण राज्याची हिशेब तपासणारी यंत्रणा त्याचे अहवाल काढत होती.

म्हणून इकडे सगळं छान असं नाही हं. माउंट प्लेझंट नावाचं जे छोटं गाव आहे त्यांनी कारखान्यासाठी लोकांच्या जमिनी घेतल्या, घरं पाडली, रस्ते नि पाण्याच्या लाईनी कर्ज काढून टाकल्या. ती घरं काही नव्या करारात परत आली नाहीत. राज्याचा पैसा वाचला, गावाचा फसला. आता तिथे मायक्रोसॉफ्टचं डेटा सेंटर होतंय.

सगळं_वाईटच_का

मधू, हे मला माहीत नव्हतं, चांगलं लिहिलंस. पण अशा कडक अटी आपण टाकल्या तर कंपन्या सरळ गुजरात नाहीतर तामिळनाडूला जातील. वेदांता-फॉक्सकॉनचं काय झालं बघितलं ना.

मिलवॉकीचा_मधू

तेच तर सांगतो. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉन दीड लाख कोटींचा प्रकल्प घेऊन गुजरातला गेली, त्यावर आपल्याकडे वर्षभर रान उठलं, कुणी घालवला, कुणामुळे गेला, लाखभर पोरांचा घास हिरावला. ऑगस्ट २०२३ मध्ये तर उद्योगमंत्र्यांनी विधिमंडळात श्वेतपत्रिका मांडली की आमच्यामुळे गेला नाही. आणि त्याच्या महिनाभर आधी, जुलै २०२३ ला, फॉक्सकॉनने त्या भागीदारीतूनच अंग काढून घेतलं होतं! म्हणजे जे रोजगार गुजरातलाही मिळाले नाहीत त्यांच्यावर आपण भांडत होतो, आणि त्यावर शासकीय कागद निघाला. २०१६ आणि २०१८ च्या करारांतले किती झाले यावर अशी श्वेतपत्रिका का नाही? न आलेल्या प्रकल्पाला जेवढं लक्ष मिळतं तेवढं आलेल्याला मिळत नाही.

कलम_चार

उशिरा आले, सगळं वाचलं. माहिती अधिकारात गेली सातआठ वर्षं मी हेच करतेय त्यामुळे पाहुण्यांच्या शेवटच्या प्रश्नाला, म्हणजे कुणाला विचारायचं, त्याला तेवढं उत्तर देते.

पहिला अर्ज मी केला तो अगदी तुमच्यासारखा, मनातलं सगळं ओतून. ‘२०१६ पासून झालेल्या सर्व करारांतून प्रत्यक्ष किती रोजगार मिळाले’. उत्तर आलं एका ओळीचं, माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. चिडून अपील केलं, अपिलात हरले, आणि खरं सांगू का, ते कायद्याने बरोबर होतं. असलेला कागद द्यायचा असतो, नसलेला कागद तयार करून द्यायचा नसतो. दुसऱ्या वेळी एकाच कंपनीचं विचारलं तर कलम ८(१)(घ), व्यापारी गोपनीयता, शिवाय त्रयस्थ पक्षाला नोटीस. तिसऱ्या वेळी कुणीतरी शहाण्याने सांगितलं (खुर्चीसाहेबांसारखेच एक निवृत्त गृहस्थ) की बाई, रोजगार विचारूच नका, कागद विचारा. मग विचारलं: अमुक एमआयडीसीतल्या ज्या घटकांना अमुक वर्षात प्रोत्साहन अनुदान दिलं गेलं त्यांची यादी, आणि त्या प्रस्तावासोबत त्यांनी जोडलेल्या कामगारांच्या संख्येच्या पानाची प्रत. गोपनीय काय त्यात, सरकारचा पैसा गेलाय. तीन पानं मिळाली, दोन रुपये पान, सहा रुपये भरले. त्यातल्या एका कारखान्याने जागा घेताना चारशे माणसं म्हटलं होतं आणि अनुदान मागताना जोडलेल्या पानावर एकसष्ट होती, शिकाऊ धरून. नाव सांगत नाही, अजून अपील चालू आहे.

त्या पानावर मी बराच वेळ बघत बसले होते. हाताने लिहिलेली यादी होती, अनुक्रमांक ३८ नंतर परत ३७ आलेला, म्हणजे एकसष्ट हा आकडासुद्धा नक्की नव्हता.

दुसरा रस्ता आमदार. लोकांना वाटतं आमदार म्हणजे रस्ता नि शिफारसपत्र. पण मंत्री सभागृहात उभा राहून ‘करतो’, ‘माहिती घेतो’, ‘पटलावर ठेवतो’ म्हणाला की ते आश्वासन होतं आणि विधिमंडळाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते, विभागाला कागद द्यावे लागतात. तेच वाक्य दावोसला किंवा बीकेसीच्या स्टेजवर बोललं तर ते कुठल्याच समितीपुढे येत नाही. कितीही मोठा आकडा बोला. म्हणून तो आकडा एकदा सभागृहात बोलायला लावणं हेच काम आहे, तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतो), नाही लागला तर लक्षवेधी. आमच्याकडच्या आमदारांना मी प्रश्न टाईप करून दिला होता, पीए म्हणाला ताई यात रस्त्याचं काहीच नाही का. शेवटी टाकला त्यांनी, क्रमांक खाली लागला, चर्चेला आलाच नाही, लेखी उत्तर छापून आलं. पण छापून आलं.

तिसरं, अर्थसंकल्पाच्या तोंडावर राज्याचा आर्थिक पाहणी अहवाल येतो, त्यात १९९१ पासून मंजूर झालेले प्रकल्प आणि त्यातले प्रत्यक्ष सुरू झालेले असं दोन्ही असतं. कुणी बघत नाही. टीव्हीवर दरडोई उत्पन्न आणि कर्ज एवढंच वाचतात. तो तक्ता दहा वर्षांचा शेजारी शेजारी ठेवून बघा, एका संध्याकाळचं काम आहे.

आणि धोरणांच्या मुदतीबद्दल कुणीच बोललं नाही. २०१३ चं धोरण केलं ते सरकार २०१४ ला गेलं. २०१९ चं मार्चमध्ये केलं, नोव्हेंबरमध्ये सरकार बदललं, २०२२ मध्ये परत बदललं, आणि मुदत संपली २०२४ च्या मार्चला. आता एक लाख कोटी डॉलरची अर्थव्यवस्था २०२७-२८ पर्यंत, ती २०२२-२३ मधली घोषणा. जो सांगतो तो मोजायच्या दिवशी बहुतेक वेळा दुसऱ्या बाकावर असतो, आणि जो खुर्चीत असतो तो म्हणतो आमचं नवीन धोरण बघा ना. जाब विचारायला माणूसच सापडत नाही. मला वाटतं मुदतीच्या मधेच, दर वर्षी एक आकडा, मधूच्या विस्कॉन्सिनसारखा, तेवढं जरी धोरणात लिहून घेतलं तरी पुरे. बाकी लक्ष्य ४० लाख ठेवा नाहीतर ४० कोटी.

खुर्ची_सोडलेला

कलम ताई, ३८ नंतर ३७… आमच्याच कुणाचा तरी हात असणार. 🙏

औशाचा_पाहुणा

एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं, मंडळी. ताई, तुम्ही सांगितलं तसा अर्ज लिहायला बसलो तर तीन पानं झाली, बाबांचं कात्रण वगैरे सगळं आलं त्यात. मग कळलं की आपल्या राज्याच्या नियमात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर पाहिजे. खोडत खोडत एकशे सदतीसवर आणलाय. कोच फॅक्टरी काढून टाकली, ती रेल्वेची, केंद्राकडं वेगळा अर्ज लागंल. भावाचं नाव पण काढलं. फक्त आमच्या एमआयडीसीतल्या अनुदान घेतलेल्या घटकांची यादी आणि कामगारांच्या पानाच्या प्रती, आणि ज्यांनी जागा घेऊन बांधकामच केलं नाही त्यांना पाठवलेल्या नोटिसांच्या प्रती. तूरवाला प्लॉट त्यात यावा म्हणून ते शेवटचं.

भावाला काल नवीन ठिकाणचा फोन आला. कंपनी कुठली विचारलं तर म्हणाला गेटवर गेल्यावर कळंल, सध्या फक्त शिफ्ट सांगितलीय, फर्स्ट. मास्तर, हा पाचवा धरायचा का?

एक राहिलं. अर्ज उद्योग केंद्राला द्यायचा की एमआयडीसीला?

खुर्ची_सोडलेला

दोन अर्ज करा. अनुदानाचा जिल्हा उद्योग केंद्राच्या जनमाहिती अधिकाऱ्याला, प्लॉटच्या नोटिसांचा एमआयडीसीच्या प्रादेशिक कार्यालयाला. एकत्र टाकलात तर ते एकमेकांकडे पाठवत बसतील आणि तुमचे तीस दिवस त्यातच जातील. आणि पोचपावतीवर शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका, जेवणाची सुट्टी झाली म्हणाले तरी.